ज्येष्ठ प्राध्यापक आणि विद्यापीठीय व्यवस्था : पद व कार्य यांच्या संदर्भातील एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही अनुदानित महाविद्यालयात सेवापूर्तीचा समारंभ ठरलेल्या क्रमाने पार पडतो. शाल, श्रीफळ, मानपत्र, सहकाऱ्यांची भाषणे, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आणि अखेरीस सत्कारमूर्तींचे मनोगत, असा हा क्रम असतो. दुसऱ्या दिवशी त्या अध्यापकाचे नाव हजेरीपटावरून कमी होते. ग्रंथालयाची पुस्तके जमा झालेली असतात, ना-देय प्रमाणपत्र मिळालेले असते आणि सेवापुस्तिका निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावासोबत सहसंचालक कार्यालयाच्या वाटेला लागलेली असते. ज्या व्यक्तीने तीन दशके त्या विभागाचे अध्यापन सांभाळले, तिचा व संस्थेचा ज्ञानविषयक संबंध त्या दिवशी संपतो. तो संपावा, असे कोणी ठरवलेले नसते. तो पुढे चालू राहावा, यासाठी मात्र कोणतीही तरतूद नसते.

उच्च शिक्षणव्यवस्था आपल्या ज्येष्ठ अध्यापकांचे व्यवस्थापन कसे करते आणि त्यांचे मूल्य कशाच्या आधारे ठरवते, या प्रश्नाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. विवेचनाचे दोन आधार आहेत. पहिला आधार विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम व महाराष्ट्र शासनाचे निर्णय यांचा आहे. दुसरा आधार डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांच्या उत्तरायुष्यातील संशोधनाचा आहे. कोलते यांचा जन्म १९०८ साली बुलडाणा जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यात नरवेल येथे झाला. नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीच्या परिसराला हे गाव परके नाही. त्यामुळे या भागातील ग्रामीण महाविद्यालयांत काम करणाऱ्या अध्यापकांनी आपल्या प्रश्नाचा विचार करताना कोलते यांच्या उदाहरणापासून आरंभ करणे उचित ठरते.

निबंधाचे मुख्य प्रतिपादन पुढीलप्रमाणे आहे. आजची व्यवस्था अध्यापकाचे मूल्य त्याच्या पदाशी बांधते. परिणामी पद संपताच त्याचे कार्यही संपल्याचे गृहीत धरले जाते. पद विशिष्ट वयात रिक्त होणे न्याय्य असू शकते. परंतु पद आणि कार्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांत भेद न केल्यामुळे ज्येष्ठ आणि तरुण या दोन्ही पिढ्यांचे नुकसान होत आहे.

कोलते, मिराशी आणि तुळपुळे : उत्तरायुष्यातील संशोधन

डॉ. कोलते हे महानुभाव साहित्याचे अग्रगण्य अभ्यासक होत. 'महानुभाव तत्त्वज्ञान' (१९४५), 'महानुभाव आचारधर्म' (१९४८) आणि 'श्रीचक्रधर चरित्र' (१९५२) हे त्यांचे ग्रंथ अध्यापनकाळातील आहेत. १९६६ ते १९७२ या काळात ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६७ साली भोपाळ येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. कुलगुरुपदावरून ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय चौसष्ट वर्षांच्या आसपास होते. सर्वसाधारण हिशोबाने येथे एक यशस्वी शैक्षणिक कारकीर्द पूर्ण झाली, असे म्हणता आले असते.

तथापि त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य यानंतर प्रसिद्ध झाले. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'ची त्यांनी संपादित केलेली संहिता १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केली. त्या वर्षी ते सत्तर वर्षांचे झाले. पुढे 'महाराष्ट्रातील काही ताम्रपट व शिलालेख' हा ग्रंथ १९८७ साली आला, तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. १९९१ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला आणि १९९८ साली त्यांचे निधन झाले.

'लीळाचरित्रा'सारख्या ग्रंथाचे संपादन उतारवयात सिद्धीस जावे, हा योगायोग मानता येत नाही. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या आहेत. त्या वाचण्याचा सराव व्हावा लागतो. एकाच लीळेची वेगवेगळ्या पोथ्यांतील रूपे ताडून पाहावी लागतात. कोणता पाठ मूळचा व कोणता नंतरचा, हे ठरविताना पंथाचा आचार, तेराव्या शतकातील भाषा आणि स्थळांची माहिती ही तिन्ही एकाच वेळी हाताशी असावी लागतात. असा अभ्यासक एका वर्षाच्या प्रकल्पातून तयार होत नाही. त्यामागे तीस-चाळीस वर्षांचे वाचन असते आणि त्याचे फळ बहुधा तेव्हाच मिळते, जेव्हा अध्यापनाचा व प्रशासनाचा भार उतरलेला असतो.

विदर्भातीलच दुसरे उदाहरण महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे आहे. त्यांचा जन्म १८९३ सालचा. 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम' या शिलालेखमालेचे कलचुरी राजवटीवरील खंड १९५५ मध्ये, वाकाटकांवरील खंड १९६३ मध्ये आणि शिलाहारांवरील खंड १९७७ मध्ये त्यांनी सिद्ध केले. तेव्हा त्यांचे वय अनुक्रमे ६२, ७० आणि ८४ वर्षे होते. नागपूर विद्यापीठाने त्यांना सन्मान्य प्राध्यापक म्हणून विभागाशी जोडून घेतले होते, ही बाब येथे महत्त्वाची आहे. पद नव्हते तरी स्थान होते, अशी त्या व्यवस्थेची रचना होती.

तिसरे उदाहरण पुणे विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक डॉ. शं. गो. तुळपुळे यांचे आहे. प्राचीन मराठीच्या कोशाचे काम त्यांनी अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाऊस यांच्यासमवेत केले. १९९४ साली तुळपुळे यांचे निधन झाले. कोश १९९९ साली प्रसिद्ध झाला. वडीलधाऱ्या अभ्यासकाची जाण आणि त्याच्याहून तरुण सहकाऱ्याची चिकाटी एकत्र आल्यामुळेच तो पूर्णत्वास गेला. एकट्या ज्येष्ठाच्या वा एकट्या तरुणाच्या हातून हे काम त्या स्वरूपात होणे कठीण होते.

ही तिन्ही नावे असामान्य आहेत, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक निवृत्त अध्यापक कोलते वा मिराशी नसतो आणि अपवादांवरून नियम बांधता येत नाही. परंतु नियमाची एक कसोटी मात्र अपवादांवरून निश्चितपणे घेता येते. एखादा कोलते घडविणे हे नियमाच्या हाती नाही. घडलेल्या कोलत्यांना वाट मोकळी राहते की नाही, हे मात्र नियमावरच अवलंबून आहे. आजच्या विनियमांकडे या कसोटीने पाहणे क्रमप्राप्त आहे.

निवृत्तिवयाची विषमता

केंद्र शासनाने २००७ साली केंद्रीय उच्च शिक्षणसंस्थांतील अध्यापकांचे निवृत्तिवय ६५ वर्षे केले. सहाव्या वेतन आयोगानंतरच्या वेतनयोजनेत राज्यांनीही हेच वय स्वीकारावे, अशी केंद्राची अपेक्षा होती. २०१३ साली जगदीश प्रसाद शर्मा विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवयाची तरतूद राज्यांवर आपोआप बंधनकारक होत नाही, असा निर्वाळा दिला. महाराष्ट्राने २०११ च्या निर्णयाने कामगिरीचा आढावा घेऊन अध्यापकास ६२ वर्षांपर्यंत सेवेत राहण्याची वाट ठेवली होती. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशी राज्याने ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू केल्या, तेव्हा वेतनश्रेणी केंद्राप्रमाणे घेतल्या गेल्या. निवृत्तिवय मात्र केंद्राप्रमाणे ६५ झाले नाही. राज्यातील महाविद्यालयीन अध्यापकासाठी ६० वर्षे हीच मर्यादा राहिली.

साठ योग्य की पासष्ट, हा प्रस्तुत निबंधाचा वादविषय नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, समान पात्रता, समान वेतनश्रेणी आणि समान विनियम असलेल्या दोन अध्यापकांपैकी केंद्रीय विद्यापीठातील अध्यापक ६४ व्या वर्षी कार्यक्षम ठरतो आणि मलकापूर-नांदुरा पट्ट्यातील अध्यापक ६० व्या वर्षी कालबाह्य ठरतो. यावरून हे वय विद्वत्तेच्या किंवा शारीरिक क्षमतेच्या विचारातून आलेले नसून तिजोरीच्या व रोजगाराच्या विचारातून आलेले आहे, हे उघड होते. तो विचार अयोग्य आहे असे नाही. मात्र त्यास शैक्षणिक निकष समजण्याची गल्लत होऊ नये.

मूल्यमापन : वर्षांची मोजणी आणि गुणांची बेरीज

सेवेत असताना ज्येष्ठतेचे मूल्य कसे ठरते, हेही पाहणे आवश्यक आहे. २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाची पद्धत आणली. अध्यापन, सहशैक्षणिक कार्य आणि संशोधन अशा तीन वर्गांत प्रतिवर्षी गुण मिळवून स्वयंमूल्यमापनाचा अर्ज भरावा, अशी ती योजना होती. २०१३ व २०१६ मध्ये तिच्यात दुरुस्त्या झाल्या आणि २०१८ च्या विनियमांनी ती बरीच सुटसुटीत केली. परंतु वर्षागणिक मोजता येईल तेवढेच कार्य ग्राह्य, ही मूळ धारणा कायम राहिली.

या धारणेचा परिणाम दुहेरी झाला. ज्यांना पदोन्नतीचे टप्पे गाठायचे होते त्यांनी दीर्घ पल्ल्याचे काम बाजूला ठेवून परिसंवाद आणि छोट्या लेखांकडे लक्ष वळविले. दुसरीकडे ज्यांचे सर्व टप्पे पूर्ण झाले होते अशा ज्येष्ठांना पुढे काही करण्याचे व्यवस्थात्मक कारण उरले नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी शेवटची वेतननिश्चिती झालेला अध्यापक उरलेली पाच वर्षे काय करतो, याची विचारणा कोणतीही समिती करीत नाही. तो वाचत राहिला तर ते त्याचे व्यक्तिगत व्रत ठरते. त्याने वाचन थांबविले तरी कुणाचे काही अडत नाही.

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या, म्हणजे नॅकच्या, २०१७ मधील सुधारित आराखड्यात पूर्णवेळ अध्यापकांच्या सरासरी अध्यापन-अनुभवाची वर्षे मोजणारा एक मापक होता. वरवर पाहता ज्येष्ठतेस दिलेली ही दाद वाटते. प्रत्यक्षात तेथे अनुभव म्हणजे केवळ वर्षांची सरासरी होती. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तीस वर्षे विहिरींच्या पाण्याच्या नोंदी ठेवणारा एखादा भूगोलाचा अध्यापक आणि तीस वर्षे एकच टिपणवही वापरणारा अध्यापक, यांच्यात असा मापक काहीच भेद करू शकत नाही. पहिला निवृत्त होतो तेव्हा त्या नोंदवह्यांचे काय करावे, हे सांगणारा रकाना कोणत्याही अर्जात नसतो.

मार्गदर्शकत्व आणि निवृत्तीनंतरच्या योजना

संशोधन-मार्गदर्शनाच्या क्षेत्रात ही विसंगती अधिक ठळक होते. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार निवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या अध्यापकास नवे संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत. आधी नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन तो निवृत्तीपर्यंत करू शकतो आणि त्यानंतर सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतो; तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच. विद्यार्थ्याचे काम अर्धवट राहू नये, हा या तरतुदीमागील हेतू योग्यच आहे. परंतु निवृत्तिवय राज्यागणिक वेगळे असताना हा नियम सर्वत्र एकच असल्यामुळे त्याचा परिणाम विषम होतो. केंद्रीय विद्यापीठातील प्राध्यापकासाठी ही दारे ६२ व्या वर्षी मिटतात. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकासाठी ती ५७ व्या वर्षीच मिटतात. ग्रामीण भागातील अनेक अध्यापकांना पीएच.डी. पदवी, मार्गदर्शक म्हणून मान्यता आणि महाविद्यालयास संशोधन केंद्र या तिन्ही गोष्टी मिळेपर्यंत पन्नाशी उलटते. अशा अध्यापकास मार्गदर्शनासाठी उणीपुरी पाच-सात वर्षे मिळतात.

निवृत्तीनंतरच्या योजना नाहीत, असे म्हणता येणार नाही. २०१० च्या विनियमांत रिक्त जागा व आरोग्य पाहून ६५ नंतर ७० वर्षांपर्यंत कंत्राटी पुनर्नियुक्तीची तरतूद होती. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने निवृत्त अध्यापकांसाठी १०० अधिछात्रवृत्ती जाहीर केल्या. दरमहा ५०,००० रुपये, तीन वर्षांचा कालावधी आणि ६७ वर्षांची वयोमर्यादा, असे तिचे स्वरूप ठरले. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या राज्यातील अध्यापकास येथे केंद्रीय विद्यापीठातील अध्यापकापेक्षा अधिक वर्षे उपलब्ध होतात, हे निष्पक्षपणे नमूद केले पाहिजे. परंतु पात्रतेसाठी पूर्णवेळ संशोधकांना पीएच.डी.चे यशस्वी मार्गदर्शन आणि अनुदानित संशोधन प्रकल्पांचे नेतृत्व अपेक्षिले आहे. जेथे केवळ पदवीचे वर्ग चालतात, अशा महाविद्यालयातील अध्यापक या उंबरठ्याशीच थांबतो. शिवाय संपूर्ण देशासाठी शंभर ही संख्या सन्मानासाठी पुरेशी असली, तरी व्यवस्था म्हणण्यास पुरेशी नाही.

याच वर्षी आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही योजना आणली. उद्योग, प्रशासन, कला, माध्यमे अशा क्षेत्रांतील किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांना विद्यापीठात येता यावे, हा तिचा हेतू आहे. सेवेतील किंवा निवृत्त अध्यापकांसाठी ही योजना खुली नाही. बाहेरच्या अनुभवासाठी केलेल्या योजनेत आतल्यांना वगळणे तर्काला धरूनच आहे. तथापि दोन्ही योजना शेजारी ठेवल्या की एक चित्र स्पष्ट होते. निवृत्त अधिकाऱ्याचा अनुभव विद्यापीठास हवा असतो आणि त्यासाठी औपचारिक पदवीची अटही शिथिल होते. निवृत्त अध्यापकाचा अनुभव मात्र प्रकल्प व प्रबंध यांच्या संख्येने सिद्ध व्हावा लागतो.

ज्येष्ठतेचे तीन स्तर

येथवर 'ज्येष्ठ अध्यापक' असा एकच वर्ग गृहीत धरला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत किमान तीन प्रकारचे ज्येष्ठ एकाच कर्मचारी कक्षात बसतात.

पहिला वर्ग नियमित, पूर्ण वेतनश्रेणी आणि जुन्या निवृत्तिवेतनास पात्र असलेल्यांचा आहे. अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकांना निवृत्तिवेतनाचा लाभ १९८२ पासून मिळू लागला. त्यामागे अध्यापक संघटनांचा मोठा वाटा होता. या वर्गाची निवृत्ती आर्थिकदृष्ट्या सुरक्षित आहे. त्यांचा प्रश्न प्रामुख्याने कार्याचा आहे.

दुसरा वर्ग १९९१ ते २००० या काळात नेट/सेट अर्हतेविना नियुक्त झालेल्यांचा आहे. त्यांच्या निवडी तेव्हाच्या गरजेनुसार झाल्या, विद्यापीठांनी त्यांना मान्यता दिल्या आणि त्यांनी दीर्घकाळ वर्ग सांभाळले. २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने त्यांच्या सेवा नियमित करण्याचे ठरले. परंतु ते निर्णयाच्या दिनांकापासून. १ नोव्हेंबर २००५ नंतरच्या नियुक्त्यांना अंशदायी योजना लागू असल्याने हे अध्यापक जुन्या निवृत्तिवेतनाबाहेर ढकलले गेले आणि आधीच्या सेवेच्या मोजणीसाठी त्यांना न्यायालयात दाद मागावी लागली. पंधरा-वीस वर्षे शिकविलेले वर्ग खरे होते, उत्तीर्ण झालेले विद्यार्थी खरे होते. केवळ सेवा खरी नव्हती, असा या भूमिकेचा अर्थ होतो. अर्हतेचे नियम बदलत गेल्याचा हा एकमेव प्रसंग नाही. २००६ साली पदवी स्तरावरील अध्यापनासाठी एम.फिल. धारकांना नेटमधून सूट मिळाली, २००९ साली ती काढून घेण्यात आली आणि २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद झाली. ज्येष्ठ अध्यापकाच्या सेवापुस्तिकेत अशा बदलांचा इतिहास साठलेला असतो आणि प्रत्येक बदलाची किंमत बहुधा त्यालाच मोजावी लागते.

तिसरा वर्ग तासिका तत्त्वावरील अध्यापकांचा आहे. हा वर्ग तरुणांचा समजला जातो. परंतु नियमित भरती वर्षानुवर्षे रखडल्यामुळे यातील अनेक जण चाळिशी ओलांडून पुढे गेले आहेत. त्यांची नियुक्ती सत्रापुरती, मानधन तासिकेपुरते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही नाही. सेवेत कधीच न आलेल्या या अध्यापकांना सेवानिवृत्तीचा समारंभही मिळणार नाही. ज्येष्ठ अध्यापकांच्या मूल्याची चर्चा केवळ पहिल्या वर्गापुरती मर्यादित ठेवली, तर ती सुस्थितांची तक्रार ठरेल.

एक आक्षेप व त्याचा विचार

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. नेट/सेट आणि पीएच.डी. झालेले हजारो तरुण रांगेत उभे असताना साठी ओलांडलेल्यांच्या सोयीचा विचार करणे न्याय्य आहे काय? शिवाय ज्येष्ठता म्हणजे विद्वत्ता नव्हे. अभ्यासमंडळे, परीक्षा-समित्या आणि मार्गदर्शकांच्या याद्या यांवर काही थोड्या ज्येष्ठांनी दीर्घकाळ पकड ठेवल्याचे अनुभव सर्वत्र आहेत.

आक्षेपाचा दुसरा भाग पूर्णतः ग्राह्य आहे. वय हे अधिकाराचे कारण होऊ शकत नाही आणि निवृत्तीनंतर निर्णयाचे अधिकार सोडलेच पाहिजेत. पहिल्या भागाचा विचार मात्र आकडे व अनुभव पाहून करावा लागतो. अमेरिकेत १९९४ पासून कायम प्राध्यापकांवरील सक्तीची निवृत्ती संपली. ब्रिटनमध्ये २०११ साली सर्वसाधारण निवृत्तिवय रद्द झाले, तरी ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांनी तरुणांना संधी मिळावी या कारणासाठी आपापली मर्यादा कायम ठेवली. २०१९ साली ऑक्सफर्डच्या एका भौतिकशास्त्रज्ञाच्या दाव्यात रोजगार न्यायाधिकरणाने विद्यापीठाविरुद्ध निर्णय दिला. या मर्यादेमुळे रिक्त होणाऱ्या जागांत पडणारी भर फारच अल्प आहे, हा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा होता.

महाराष्ट्रातील परिस्थिती याहून वेगळी व अधिक विदारक आहे. ऑक्सफर्डमध्ये ज्येष्ठ निवृत्त झाल्यावर त्या जागी निदान दुसरा नियुक्त होतो. येथे अध्यापक निवृत्त होतो, पद रिक्त राहते आणि त्याचे वर्ग तासिका तत्त्वावर वाटले जातात. भरतीवरील निर्बंधांनंतर २०२१ साली राज्यात सहायक प्राध्यापकांची २,०८८ पदे भरण्यास मान्यता मिळाली, तेव्हा ती बातमी ठरली, यातच स्थिती स्पष्ट होते. म्हणजे साठाव्या वर्षी ज्येष्ठास निरोप देऊन तरुणास जागा दिली जाते, हे गृहीतकच प्रत्यक्षात उतरत नाही. ज्येष्ठ जातो आणि तरुण येत नाही. उरते ती वेतनाची बचत. तरुणांच्या हिताच्या नावाने केलेला युक्तिवाद तरुणांपर्यंत पोहोचतच नाही, हे या प्रश्नाचे खरे स्वरूप होय.

आणखी एक हानी यातून संभवते. विभागात दहा वर्षे नवी नियमित नियुक्ती झाली नाही, तर निवृत्त होणाऱ्याचे ज्ञान घेण्यासाठी पुढचा माणूसच तेथे नसतो. रिद्धपूर येथे २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. महानुभावांच्या या स्थानी सकळ लिपीतील पोथ्यांचे वाचन शिकविण्यासाठी जो अभ्यासक लागेल, त्याचे वय सदतीस असेल की सदुसष्ट, हा प्रश्न गौण आहे. सदुसष्ट वर्षांच्या अभ्यासकाजवळ बसून ती लिपी शिकणारा सदतीस वर्षांचा नियमित अध्यापक तेथे असेल काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. राज्यातील निवृत्तिवय हा आर्थिक व रोजगारविषयक निर्णय आहे. तो विद्वत्तेच्या क्षयाचा पुरावा मानून निवृत्त अध्यापकाचे कार्य थांबविणे असमर्थनीय आहे.

२. सेवेतील ज्येष्ठतेचे मूल्यमापन वर्षे आणि गुण यांच्या मोजणीपुरते राहिल्यामुळे दीर्घ पल्ल्याच्या अभ्यासास व्यवस्थेत आधार उरलेला नाही.

३. निवृत्त अध्यापकांसाठीच्या राष्ट्रीय योजना संख्येने अल्प आहेत आणि त्यांच्या अटी पदवी महाविद्यालयांतील अध्यापकांना बहुधा बाहेर ठेवतात.

४. निवृत्त अध्यापकाचे पद तत्काळ व नियमितपणे भरले जाणे, ही ज्येष्ठांचे ज्ञान टिकविण्याची पहिली अट आहे. ज्येष्ठ व तरुण यांचे हितसंबंध परस्परविरोधी असल्याचा समज पदे रिक्त ठेवणाऱ्या धोरणास सोयीचा आहे.

५. १९९१ ते २००० या काळातील अध्यापकांची संपूर्ण सेवा मोजणे हा उपकाराचा विषय नसून प्रत्यक्ष घडलेल्या अध्यापनाची नोंद घेण्याचा विषय आहे.

या निष्कर्षांच्या अनुषंगाने महाविद्यालयांच्या पातळीवर काही गोष्टी शासन निर्णयाची वाट न पाहता करता येण्यासारख्या आहेत. निवृत्त अध्यापकाचे ग्रंथालयीन सदस्यत्व आजीव ठेवावे. निवृत्तीपूर्वीच्या अखेरच्या वर्षी त्याच्याकडील नोंदी, टिपणे, हस्तलिखिते व स्थानिक सर्वेक्षणे यांची सूची करून ती ग्रंथालयात जमा करावीत. एका कनिष्ठ सहकाऱ्यास, तो तासिका तत्त्वावरील असला तरीही, हे काम त्याच्यासमवेत करण्यास सांगावे आणि त्याची लेखी नोंद द्यावी. निवृत्तास अधिकाराचे कोणतेही पद न देता अभ्यासासाठी एक टेबल व एक कपाट द्यावे. विद्यापीठाने मार्गदर्शकत्वाची मुदत निवृत्तिवयापेक्षा प्रत्यक्ष कार्याशी जोडण्याची शिफारस आयोगाकडे करावी.

'लीळाचरित्रा'ची संहिता प्रकाशित झाली तेव्हा डॉ. कोलते यांना कुलगुरुपद सोडून सहा वर्षे झाली होती आणि प्रकाशक विद्यापीठ नव्हते, शासनाचे साहित्य संस्कृती मंडळ होते. विद्यापीठाच्या माजी कुलगुरूंचे सर्वांत महत्त्वाचे कार्य विद्यापीठाबाहेर सिद्धीस गेले. कोलते यांच्या व्यासंगाने ती उणीव भरून निघाली. नरवेल-वडनेर परिसरातील महाविद्यालयांतून दरवर्षी निवृत्त होणाऱ्या सामान्य, परंतु अभ्यासू अध्यापकांच्या बाबतीत ती आपोआप भरून निघणार नाही. त्यासाठी संस्थांनाच जागा करावी लागेल.